गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा: कोयनेच्या पाण्यापासून सूर्यापर्यंत, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नववी-दहावीचे विद्यार्थी, त्यांचे पालक, शेतकरी आणि रात्री आकाश बघणारी मंडळी यांच्याकडून सातारा-सांगली भागात हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. आकडेमोड कागदावर करून बघता येईल इतकी सोपी ठेवली आहे. गुरुत्वत्वरण सगळीकडे ९.८ धरलं आहे. साताऱ्याच्या अक्षांशावर आणि उंचीवर ते खरं तर ९.७८ च्या आसपास येतं, पण इथल्या एकाही उत्तरात त्याने फरक पडत नाही.

गुरुत्वीय स्थितिज ऊर्जा म्हणजे थोडक्यात काय?

वस्तू वर उचलताना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कार्य करावं लागतं. ते वाया जात नाही, वस्तूच्या बदललेल्या जागेपोटी जमा राहतं. वस्तू खाली आली की तेवढंच परत मिळतं, घर्षणाने खाल्लेलं सोडून. जमिनीजवळ हिशेब असा: वस्तुमान किलोग्रॅममध्ये, गुणिले ९.८, गुणिले उंचीतला फरक मीटरमध्ये. उत्तर ज्यूलमध्ये येतं. ३६ लाख ज्यूल म्हणजे वीजबिलावरचं १ युनिट.

यातला ‘फरक’ हा शब्द मुलं गाळतात आणि पुढचे निम्मे घोळ तिथूनच सुरू होतात.

ही ऊर्जा नक्की कोणाची? दगडाची की पृथ्वीची?

दोघांची मिळून. ‘दगडाची ऊर्जा’ असं म्हणण्याची सवय आहे आणि व्यवहारात चालून जातं, कारण खाली पडताना पृथ्वी नगण्य हलते. दोन ताऱ्यांची जोडी असेल तर मात्र ही सवय सोडावीच लागते.

उंची कुठून मोजायची? जमिनीपासून, पायथ्यापासून की समुद्रसपाटीपासून?

कुठूनही मोजा. फक्त सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही उंच्या एकाच जागेपासून मोजा. शून्य कुठे धरायचा हे आपण ठरवतो, निसर्गाला त्याचं सोयरसुतक नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कुंडीची ऊर्जा दुसऱ्या मजल्याच्या फरशीपासून शून्य आहे आणि रस्त्यापासून नाही. दोन्ही विधानं बरोबर आहेत. कुंडी कुठवर पडणार आहे, त्यावर कोणतं कामाचं ते ठरतं.

कोयना धरण १०३ मीटर उंच आहे, मग पाणी ४७५ मीटर कसं पडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि वरच्या उत्तराचं यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्या भागात नाही.

१०३ मीटर ही भिंतीची पायापासूनची उंची. भिंतीचं काम पाणी अडवण्याचं आणि पातळी वर ठेवण्याचं. पाणी किती पडणार हे भिंत ठरवत नाही, पाणी कुठल्या बाजूला सोडलं त्यावर ते ठरतं. धरणामागच्या शिवसागर जलाशयातलं पाणी दोन वाटांनी उतरतं. पूर्वेकडे ते पायथा वीजगृहातून (४० मेगावॅट) नदीपात्रात येतं आणि कराडला कृष्णेला मिळून सांगलीकडे जातं. इथे पडण्याची उंची १०० मीटरच्याही आत राहते. पश्चिमेकडे तेच पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातून चिपळूण तालुक्यात पोफळीला उतरतं. घाटमाथा आणि कोकण यांच्यामधला कडाच तिथे कामाला येतो, म्हणून सुमारे ४७५ मीटरची उंची मिळते.

पाणी तेच, पातळी तीच. खालचं टोक बदललं, ऊर्जा बदलली.

१ टीएमसी पाण्यातून किती वीज मिळते?

पायऱ्या अशा:

१ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. एका घनमीटरचं वस्तुमान १००० किलो, म्हणून एकूण २,८३० कोटी किलो. याला ९.८ ने आणि ४७५ ने गुणलं की सुमारे १.३२ × १०¹⁴ ज्यूल. ३६ लाखांनी भागलं की ३.६६ कोटी युनिट. टर्बाइन, जनित्र आणि बोगद्यातलं घर्षण मिळून दहाएक टक्के जातात असं धरलं, तर हाती ३.३ कोटी युनिट.

पोफळीचं पाणी तिथेच संपत नाही. कोळकेवाडी धरणात साठून ते तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहात (३२० मेगावॅट) पुन्हा एकदा पडतं, म्हणून एकूण उत्पन्न याहून जास्त आहे. उलट तेच १ टीएमसी पायथ्याशी ८० मीटर पडलं असं धरा. नुकसान न धरताही ६२ लाख युनिटच होतात. जवळजवळ सहापट फरक.

बातम्यांमध्ये क्युसेक (सेकंदाला घनफूट) येतात, त्यांच्यासाठी एक सोपी खूण: ४७५ मीटर आणि ९० टक्के कार्यक्षमता धरली, तर १००० क्युसेकमागे सुमारे ११९ मेगावॅट. ११,५७४ क्युसेक दिवसभर वाहिले की १ टीएमसी भरतो.

नेहमी चुकणाऱ्या गोष्टी दोन. पहिली, मेगावॅट आणि युनिट यांची सरमिसळ. मेगावॅट हा दर आहे, युनिट हा साठा. दुसरी, सगळं पाणी भरलेल्या पातळीवरूनच पडतं असं धरणं. जलाशय रिकामा होत जातो तशी पातळी उतरते, म्हणून सरासरी पातळी घ्यावी लागते. पोफळीला ४७५ मधले ४० मीटर कमी झाले तर आठ टक्क्यांच्या आसपास फटका बसतो. पायथ्याशी ८० मधले ४० गेले तर निम्मी ऊर्जा गेली. उन्हाळ्यात पायथा वीजगृह आधी का मंदावतं, त्याचं एक कारण हे.

मग सगळं पाणी पश्चिमेलाच का सोडत नाहीत?

इथे भौतिकशास्त्र संपतं. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली आहे. पश्चिमेला कोकणातल्या वाशिष्ठी नदीत उतरलेलं पाणी समुद्राला मिळतं, शेताला नाही.

१९६७ चा कोयना भूकंप धरणातल्या पाण्याच्या ऊर्जेमुळे झाला का?

नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात बाहेर पडलेली ऊर्जा खडकात आधीच साठलेल्या ताणाची होती. जलाशयाचं वजन आणि खडकाच्या भेगांमध्ये उतरलेल्या पाण्याचा दाब यांमुळे भ्रंशावरची (खडकातल्या सरकणाऱ्या तड्यावरची) पकड सैल झाली, असं संशोधकांचं स्पष्टीकरण आहे. बंदुकीचा चाप ओढायला लागणारा जोर आणि गोळीची ऊर्जा वेगवेगळी असते, तसंच हे. याचाच अभ्यास करण्यासाठी कराडजवळ केंद्र सरकारची भूगर्भ संशोधन प्रयोगशाळा आहे आणि कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल विंधन विवर घेतलं गेलं आहे.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ उपसा सिंचन योजनांना एवढी वीज का लागते?

कोयनेला जे मिळतं, ते इथे द्यावं लागतं. कृष्णेचं पाणी आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या माळावर चढवायचं म्हणजे प्रत्येक घनमीटरला १०० मीटरमागे ९.८ लाख ज्यूल, म्हणजे ०.२७ युनिट. हा निसर्गाचा किमान दर. यात कोणाचंही तंत्रज्ञान सूट मिळवून देत नाही. पंप आणि मोटर मिळून ७०-७५ टक्के कार्यक्षमतेने चालले तर ०.३६ ते ०.३९ युनिट लागतात.

एका एकरावर ५ सेंटीमीटर पाणी उभं करायचं तर साधारण २०२ घनमीटर लागतं. १०० मीटर उचल असेल तर एका पाळीला किमान ५५ आणि प्रत्यक्षात ७५ च्या आसपास युनिट. उचल २०० मीटर असेल तर दुप्पट. म्हणून उपशाच्या पाण्यावर ऊस पाट पद्धतीने भिजवणं हिशेबात बसणं अवघड आहे. ठिबक केलं की वीज वाचते ती मुख्यतः पाणी कमी उचलावं लागतं म्हणून.

टप्पे का करतात, हाही जोडप्रश्न असतो. १०० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी चौरस सेंटीमीटरला सुमारे १० किलो दाब देतो. एकाच दमात चढवायचं तर खालच्या पाइपांना आणि झडपांना हा सगळा दाब सोसावा लागेल. शिवाय मधल्या गावांना लागणारं पाणी उगाच वरपर्यंत नेऊन खाली सोडावं लागेल.

विहिरीवरच्या ५ एचपी मोटरचं पाणी कमी पडतं. हिशेब कसा तपासायचा?

५ एचपी म्हणजे सुमारे ३,७३० वॅट. मोटर-पंपाची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरा, उरले २,२३८. एकूण उचल ३० मीटर असेल तर २,२३८ ला (९.८ × ३०) ने भागा: सेकंदाला ७.६ लिटर. २०० लिटरचं पिंप किती सेकंदात भरतं ते घड्याळ लावून बघा. साधारण २६ सेकंद यायला हवेत.

४० सेकंद लागत असतील तर आधी उंची पुन्हा मोजा. ती विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाणी बाहेर पडतं त्या तोंडापर्यंत मोजायची. मे महिन्यात पातळी ६ मीटर उतरली की तोच पंप ६.३ लिटरवर येतो, त्यात मोटरचा दोष नाही. उंची बरोबर असूनही पाणी कमी असेल तर पाइप बघा. घर्षणाने जाणारी उंची पाइपच्या व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ४ इंचीच्या जागी ३ इंची टाकला की तेवढ्याच पाण्याला घर्षण चौपटीहून जास्त. पाइपात वाचवलेले पैसे दर महिन्याच्या बिलात जातात.

गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवून वीज साठवता येईल का?

येईल, पण फुकटचा खटाटोप. १००० लिटर पाणी १० मीटर उंचीवर म्हणजे ९८,००० ज्यूल, अवघं ०.०२७ युनिट. ९ वॅटचा एक एलईडी दिवा तीन तास, तोही काहीच वाया गेलं नाही तर. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीत १.८ युनिट मावतं. तेवढ्यासाठी अशा ६६ टाक्या लागतील.

किलोमागे गुरुत्वीय ऊर्जा फारच थोडी असते. ती कामाची ठरते ती पाणी कोट्यवधी टन आणि उंची शेकडो मीटर असेल तेव्हा. घाटघरचं २५० मेगावॅटचं उदंचन वीजगृह त्याच हिशेबावर उभं आहे: रात्रीच्या जादा विजेने पाणी वर, संध्याकाळच्या मागणीला खाली. अशा फेरीत साधारण पाव हिस्सा वीज जाते, तरी परवडतं.

अजिंक्यतारा चढायला किती कॅलरी लागतात? पायऱ्यांनी जास्त की गाडीरस्त्याने?

शहरापासून किल्ला सुमारे ३०० मीटर उंच धरला, तर ६० किलोच्या माणसासाठी १,७६,००० ज्यूल, म्हणजे आहाराच्या भाषेत ४२ कॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता २०-२५ टक्केच असल्याने शरीराचा खर्च १७० ते २१० कॅलरी. एका वडापावाचीही भरपाई होईल याची खात्री नाही.

वाट कोणतीही घ्या, स्थितिज ऊर्जेतला बदल तोच. लांबच्या वाटेने चालण्याचा जादा खर्च होतो, पण तो गुरुत्वाच्या खात्यात जात नाही. आणि उतरताना ती ऊर्जा परत मिळत नाही. गुडघे आणि मांड्यांचे स्नायू ब्रेकसारखे वागून तिची उष्णता करतात.

पसरणी घाट उतरताना ब्रेक का तापतात?

पाचगणी ते वाई उंचीतला फरक साधारण ५५० मीटर. माणसांसकट १५०० किलोच्या गाडीची सुमारे ८१ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. सगळी ब्रेकवर टाकली आणि वाऱ्याने थंडावा मिळालाच नाही असं धरलं, तर ४० किलो लोखंडाचं तापमान ४४० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा लागतो म्हणून तेवढं होत नाही, पण सतत पाय ठेवून उतरणाऱ्याच्या ब्रेकला वास येतो तो याचमुळे. पुढे ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. जुन्या ऑइलने हवेतली ओल शोषलेली असते, ते लवकर उकळतं.

उपाय जुनाच: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे बरीच ऊर्जा इंजिन खातं. न्यूट्रलवर उतरवून पेट्रोल वाचवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. विजेवरच्या गाडीत यातला बराच भाग बॅटरीत परत जातो, पण बॅटरीत जागा असेल तरच. पाचगणीला १०० टक्के चार्ज करून निघालात तर पहिल्या वळणांवर ही सोय मिळत नाही.

खगोलशास्त्रात ही ऊर्जा ऋण का असते?

कारण तिथे शून्य अनंत अंतरावर धरतात. दोन वस्तू एकमेकींपासून इतक्या दूर की ओढ नाहीच, ती स्थिती शून्य. जवळ येताना ऊर्जा बाहेर पडते, म्हणजे शिल्लक शून्याखाली जाते. सूत्र: उणे (गुरुत्व स्थिरांक × पहिलं वस्तुमान × दुसरं वस्तुमान) भागिले केंद्रांमधलं अंतर.

पृथ्वीच्या पृष्ठभागावर १ किलो वस्तूसाठी ही किंमत उणे ६.२५ कोटी ज्यूल, म्हणजे सुमारे १७ युनिट. तेवढं भरलं की वस्तू कायमची सुटते. ही रक्कम सगळी वेगाच्या रूपात द्यायची तर सेकंदाला ११.२ किलोमीटर, हाच मुक्तिवेग. सूत्रात अंतर केंद्रापासून घ्यायचं असतं, जमिनीपासून नव्हे. परीक्षेत सर्वाधिक गुण इथे जातात.

मग एमजीएच (वस्तुमान × ९.८ × उंची) चुकीचं आहे का?

चुकीचं नाही, जमिनीजवळचं आहे. चूक साधारण उंची भागिले पृथ्वीची त्रिज्या एवढी येते. अजिंक्यताऱ्याला ०.००५ टक्के, ६४ किलोमीटरला १ टक्का, ४०० किलोमीटरवरच्या अवकाश स्थानकाला सुमारे ६ टक्के.

उपग्रह वर नेण्यात ऊर्जा जाते की वेग देण्यात?

जवळच्या कक्षेत वेग देण्यात. ४०० किलोमीटर वर न्यायला किलोमागे ३७ लाख ज्यूल, कक्षेतला वेग द्यायला २ कोटी ९४ लाख. नुसतं वर नेऊन सोडलं तर वस्तू सरळ खाली येते. ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत चित्र उलटतं: उंचीसाठी ५ कोटी ३१ लाख, वेगासाठी फक्त ४७ लाख.

चांद्रयान-३ ने पृथ्वीभोवती फेऱ्या का मारल्या? सरळ का गेलं नाही?

१४ जुलै २०२३ ला एलव्हीएम-३ रॉकेटने ते सुमारे १७० × ३६,५०० किलोमीटरच्या लांबट कक्षेत सोडलं. पुढे पाच वेळा कक्षा वाढवून १ ऑगस्टला चंद्राच्या वाटेला लावलं, २३ ऑगस्टला ते उतरलं. इंजिन पेटवायचं ते पृथ्वीजवळच्या बिंदूला. कारण वेगात थोडी भर घातली की ऊर्जेत पडणारी भर ही आधीचा वेग गुणिले ती भर एवढी असते. त्या पहिल्या कक्षेत जवळच्या टोकाला वेग सेकंदाला १०.३ किलोमीटर, दूरच्या टोकाला १.६. तेवढंच इंधन जवळ जाळलं तर साडेसहापट ऊर्जा पदरात. जवळच्या टोकाला यान फार वेळ थांबत नाही आणि इंजिन छोटं असतं, म्हणून काम हप्त्याहप्त्याने.

हवेच्या घर्षणाने उपग्रहाचा वेग वाढतो, हे खरं?

खरं. खालच्या कक्षेत वेग जास्त लागतो. उपग्रह खाली सरकताना गमावलेल्या स्थितिज ऊर्जेपैकी निम्मी वेगात जाते, निम्मी उष्णतेत. एकूण ऊर्जा घटतेच.

सूर्य गुरुत्वीय ऊर्जेवर चालू शकला असता का?

एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्व्हिन यांना तसंच वाटत होतं. सूर्य हळूहळू आकसतो आणि त्यातून उजेड देतो, असा विचार. सूर्याची अशी एकूण पुंजी ३.८ × १०⁴¹ ज्यूलच्या घरात, खर्च सेकंदाला ३.८ × १०²⁶. भागाकार १०¹⁵ सेकंद, म्हणजे सुमारे ३ कोटी वर्षं.

आता कासच्या पठारावर उभे राहा. पायाखालचा दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. नुसत्या आकसण्यावर चालणारा सूर्य त्या दगडाहून तरुण निघाला असता. केल्व्हिनचं गणित चुकलं नव्हतं, त्यांना अणुकेंद्राच्या ऊर्जेचा पत्ता नव्हता. तारा जन्मताना गाभा तापवण्याचं काम मात्र आजही गुरुत्वच करतं. गुरू ग्रह सूर्याकडून घेतो त्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकतो, तीही मुख्यतः जुन्या आकुंचनाचीच.

अणुऊर्जेपेक्षा गुरुत्वीय ऊर्जा मोठी असू शकते?

असू शकते. हायड्रोजनच्या संमीलनात वस्तुमानाचा ०.७ टक्का ऊर्जेत बदलतो. सूर्याच्या १.४ पट वस्तुमान ११ किलोमीटर त्रिज्येत कोंबलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यावर पदार्थ पडला, तर साध्या सूत्रानेही १९ टक्क्यांच्या आसपास येतं. १ ग्रॅम धुळीमागे ४७ लाख युनिट. पडणारा वायू इतका तापतो की क्ष-किरण देतो. २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेली आपली ॲस्ट्रोसॅट वेधशाळा असे स्रोतही बघण्यासाठी बनवली.

शाळेत कमी खर्चात प्रयोग करता येईल का?

वायरिंगची मीटरभर केसिंग पट्टी, गॅरेजमधला बेअरिंगचा छर्रा, कार्बन पेपर आणि ७५ सेंटीमीटर उंचीचं टेबल पुरतं. पट्टीचं खालचं टोक टेबलाच्या कडेला अगदी आडवं करा. छर्रा २० सेंटीमीटर वरून सोडा, उंची छर्ऱ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. तो टेबलावरून उडून जमिनीवर पडेल तिथे पांढऱ्या कागदावर कार्बन ठेवा.

पुस्तकी हिशेबाने वेग सेकंदाला १.९८ मीटर आणि छर्रा ७७ सेंटीमीटरवर पडायला हवा. पडतो ६५ च्या आतच. मुलं घर्षणाला दोष देतात, पण मुख्य कारण ते नाही. घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याच्या ऊर्जेपैकी दोन सप्तमांश फिरण्यात जाते, म्हणून वेग १.६७ आणि अंतर ६५. पट्टीच्या दोन कडांवर टेकून घरंगळला तर तो आणखी जोरात फिरतो आणि ६२-६३ वर येतो. अंतर ५५ च्या खाली आलं तर पट्टीचं टोक खाली झुकलेलं आहे किंवा सांध्यात छर्रा आपटतो आहे. थोडं वर झुकलं तर खूण पुढे जाते. दहा वेळा सोडून सरासरी घ्या, मग दुप्पट वजनाचा छर्रा घेऊन बघा: खूण जवळपास तिथेच पडेल.